हजेरीचा हुकूम आणि टिकणारा माणूस

गेल्या दोन-तीन वर्षांपासून व्यापार-उद्योगाच्या बातम्यांत एक विषय पुन्हा पुन्हा वाचावयास मिळतो. कोरोनाच्या टाळेबंदीत ज्या नोकरदारांना घरी बसून काम करण्याची मुभा मिळाली होती, त्यांना मोठमोठ्या कंपन्यांनी कार्यालयात परत बोलाविले. आपल्या देशातील सर्वात मोठी संगणक-सेवा कंपनी टीसीएस हिने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याचा आदेश दिला. विप्रोने त्याच वर्षी नोव्हेंबरपासून आठवड्यातून तीन दिवस सक्तीचे केले, इन्फोसिसने महिन्यातून दहा दिवस मागितले. अमेरिकेच्या अॅमेझॉनने २ जानेवारी २०२५ पासून पाचही दिवसांचा हुकूम काढला.

आता कोणी विचारील की, तिवशासारख्या तालुक्याच्या गावात कापड विकणाऱ्यांनी या भानगडीत कशाला पडावे? संगणकवाले आणि त्यांचे मालक पाहून घेतील! परंतु आमचे मत असे आहे की, हा प्रश्न जितका हिंजवडीचा आहे तितकाच आपल्या बाजारपेठेचाही आहे. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण, ही मुले आपली आहेत. बडनेरा, अमरावती, अकोला, शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून ती पुण्याला गेली. मार्च २०२० नंतर त्यांच्यापैकी बरीच संगणक काखेत मारून घरी परतली आणि आईवडिलांच्या घरातील एका खोलीतून पुण्याचे काम करू लागली. पुण्यात घरभाड्यात, खाणावळीत जाणारा पैसा गावात राहिला. कोणी घराला माळा चढविला, कोणी बहिणीचे लग्न केले, कोणी वडिलांची औषधे वेळेवर आणू लागला. त्याचा थोडासा वाटा आपल्या गल्ल्यातही पडला, हे कोणताही दुकानदार नाकारणार नाही. पुढे हुकूम आला आणि साडेपाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या पुण्याच्या ट्रॅव्हल्स पुन्हा भरू लागल्या.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे शिलाईचे, तयार कपड्यांचे, फॉल-पिकोचे काम चालते त्या सर्वांना हाच प्रश्न पडलेला आहे. कारागिराला दुकानात बसवावे की त्याच्या घरी काम द्यावे? दुकानात बसविण्याचा आग्रह धरला तर तो टिकतो की जातो? कंपनीच्या साहेबाला जो अनुभव आला, त्यातून आपणांस शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आकडे काय सांगतात?

टीसीएसचेच उदाहरण घेऊ, कारण तिचे आकडे दर तीन महिन्यांनी जाहीर होतात. या कंपनीने २०२० साली असे जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत तिच्या एकूण माणसांपैकी फक्त पंचवीस टक्के लोकांनाच एका वेळी कार्यालयात बसण्याची गरज पडेल. तीन वर्षांतच धोरण उलटले. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर हजेरीची सांगड पैशाशी घातली गेली. ज्याची हजेरी साठ टक्क्यांपेक्षा कमी त्याला पगाराव्यतिरिक्त मिळणारी कामगिरीची रक्कम मुळीच नाही, आणि पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर असेल त्यालाच ती पूर्ण.

मग माणसे सोडून गेली का? वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण या कंपनीत सप्टेंबर २०२२ मध्ये २१.५ टक्के होते. ते सप्टेंबर २०२३ मध्ये १४.९ टक्क्यांवर आणि मार्च २०२४ मध्ये १२.५ टक्क्यांवर आले. म्हणजे हुकूम कडक होत गेला आणि सोडून जाणारे कमी होत गेले! हे पाहून एखादा मालक म्हणेल, पाहा, दरडावले की माणूस सरळ होतो.

व्यापारी माणसाने मात्र येथे थोडे थांबावे. पोळ्याच्या तोंडावर गिऱ्हाईक वाढले तर ते आपल्या गोड बोलण्याने वाढले असे कोणी समजत नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये संगणक कंपन्यांना परदेशातून इतके काम आले की एकमेकींची माणसे दीडपट-दुप्पट पगार देऊन पळविली जात होती. २०२३ नंतर बाजार मंदावला. २०२३-२४ या वर्षात टीसीएसची एकूण माणसे तेरा हजारांहून अधिक संख्येने कमी झाली. जुलै २०२५ मध्ये तर बारा हजारांच्या आसपास लोकांना कमी करण्याचे तिने जाहीर केले. बाहेर दुसरे दार उघडे नसेल तर माणूस जागेवर बसून राहतो. तो खुशीने बसला की नाइलाजाने, हे त्या आकड्यांत लिहिलेले नसते. बाजार पुन्हा तापला म्हणजे ते कळते, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

आधी कोण जातो?

किती गेले यापेक्षा कोण गेले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. टीसीएसच्या २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात एक गोष्ट नमूद होती. या कंपनीत स्त्रियांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण पुरुषांइतके किंवा त्यांच्याहून कमी असे. त्या वर्षी ते पुरुषांपेक्षा जास्त झाले. त्या वेळी अजून पाच दिवसांचा हुकूम यावयाचा होता, परंतु कार्यालयात परत येण्याचा तगादा सुरू झाला होता. कंपनीचे त्या वेळचे मनुष्यबळ प्रमुख मिलिंद लक्कड यांचा अंदाज असा की, टाळेबंदीच्या काळात घरी बसून काम केल्याने काही स्त्रियांच्या घरची घडी नव्याने बसली आणि नंतर त्यांना परत येणे जमले नाही. हा अंदाज आहे, हे त्यांनीही लपविले नाही. पण ज्याच्या घरात सून, मुलगी नोकरी करते त्याला हा अंदाज समजावून सांगावा लागणार नाही. लहान मूल कोणाजवळ ठेवावयाचे, सासूबाईंना दवाखान्यात कोणी न्यावयाचे, ही घडी एकदा बसली की एका पत्राने ती मोडता येत नाही.

चीनमधील ट्रिप डॉट कॉम या प्रवासी कंपनीत याची रीतसर परीक्षा झाली. निकोलस ब्लूम या प्राध्यापकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,६१२ कर्मचारी घेऊन सहा महिने प्रयोग केला. निम्म्या लोकांना पाचही दिवस कार्यालयात बोलाविले, उरलेल्यांना बुधवार आणि शुक्रवार घरून काम करू दिले. याचा निष्कर्ष २०२४ साली ‘नेचर’ या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. ज्यांना दोन दिवसांची सवलत होती त्यांच्यात नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी झाले. कामाच्या दर्जात फरक आढळला नाही. हा फायदा मुख्यत्वे स्त्रियांत, दुरून येणाऱ्यांत आणि साहेब नसलेल्या साध्या कर्मचाऱ्यांत दिसला. विशेष असे की, प्रयोगापूर्वी तेथील व्यवस्थापकांना वाटत होते की घरी बसवल्याने काम कमी होईल. प्रयोगानंतर त्यांचे मत बदलले.

आम्ही यातून एकच सूत्र काढतो. सक्तीचा हुकूम आळशी माणसाला घालवीत नाही. आळशी माणूस येऊन बसतो, सही करतो आणि चहा पितो. सोडून जातो तो ज्याच्या हातात हुनर आहे, कारण त्याला दुसरीकडे मागणी आहे; आणि सोडून जाते ती जिच्यावर घर उभे आहे, कारण तिला दुसरा इलाज नाही. मालकाच्या हाती उरते ती भरलेली हजेरी. उर्दू शाळेत मास्तरांनी नाव पुकारले की ‘हाजिर जनाब’ सगळीच मुले म्हणत. धडा किती जणांच्या डोक्यात उतरत होता, ते परीक्षेतच कळे.

मालकाची बाजूही ऐकावी

मालकाचे सगळेच म्हणणे खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. नवशिका मुलगा उस्तादाच्या शेजारी बसूनच शिकतो. कात्री कशी धरावी, आडव्या-उभ्या धाग्याची पारख कशी करावी, गिऱ्हाइकाच्या अंगलटीप्रमाणे मापात कोठे बोटभर सोडावे, हे फोनवर सांगून येत नाही. संगणकाच्या धंद्यातही तेच असणार. जो मुलगा २०२० मध्ये नोकरीला लागला आणि दोन वर्षे घरीच राहिला, त्याला वरिष्ठांचा सहवास मिळाला नाही, हे त्याचे नुकसानच झाले. शिवाय काही जण एकाच वेळी दोन मालकांचे काम करीत होते, अशीही तक्रार झाली. तिला विप्रोने २०२२ मध्ये तीनशे जणांना काढून टाकून उत्तर दिले होते. तेव्हा एकत्र बसण्याला किंमत आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जेथे किंमत आहे तेथे ती कामात दाखवून द्यावी. शिकाऊ मुलाला लागू पडणारा नियम वीस वर्षांच्या कारागिराला लावणे म्हणजे मलमल आणि गोणपाट एकाच गजाने मोजून एकाच भावाने विकणे होय.

नागपूरच्या गिरणीचा धडा

हा प्रश्न नवा आहे असे कोणी समजू नये. टीसीएस ज्या टाटा घराण्याची आहे, त्याच घराण्याला तो आपल्या विदर्भातच प्रथम भेटला होता. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ, कोळसा जवळ, जागा स्वस्त. सर्व काही होते. नव्हती ती फक्त हजेरी. नागपूरकडचा मजूर मुंबईच्या मजुरापेक्षा बराच अधिक गैरहजर राहत असे. ज्याला घरच्या हातमागाची किंवा शेताची सवय, तो भोंग्याच्या हुकमाने का उठेल? चार पैसे हातात आले की घरी बसे.

जमशेटजींनी काय केले? दंड वाढविता आला असता. त्यांनी उलट वाट धरली. गिरणीत हवा खेळती राहावी, दमटपणा राहावा यासाठी यंत्रे बसविली. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा फंड सुरू केला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. चांगले काम करणाऱ्यांना समारंभ करून बक्षिसे दिली. त्या काळी सरकारचा कोणताही कायदा त्यांना हे करावयास लावीत नव्हता. कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये. त्यांनी हे केवळ दयेने केले असेही आम्ही मानत नाही. ते मोठे हिशेबी व्यापारी होते. रोज नवा माणूस आणून त्याला शिकविण्यापेक्षा जुना माणूस टिकविणे स्वस्त पडते, हा त्यांचा हिशेब होता. ती गिरणी आता राहिली नाही, परंतु तो हिशेब अजून चुकलेला नाही.

यंत्र जेथे, कामगार तेथे

कापडाच्या धंद्याने आणखी एक गोष्ट शिकविली आहे. विणकर पूर्वी घरीच विणत असे. त्याला गिरणीत कोणी आणले? वाफेच्या इंजिनाने. एका मोठ्या इंजिनाच्या दांड्यावर शेकडो माग फिरत, म्हणून शेकडो माणसांना एका छपराखाली यावे लागे. पुढे विजेची मोटर आली. प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर लागू लागली आणि माग पुन्हा वस्तीत शिरला. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील घराघरांतून, गाळ्यांतून यंत्रमाग खडखडू लागले. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांत अडीच लाख कामगारांचा संप झाला, तेव्हा कापड विणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर याच यंत्रमागांकडे वळले. गिरण्यांचे भोंगे बंद पडले, कापड मात्र बंद पडले नाही.

माणसाने कोठे बसावे हे बहुधा यंत्र ठरविते. यंत्र घरी नेता येत असेल तर माणसाला बळजबरीने बाहेर काढून फार दिवस चालत नाही. संगणक हे असेच घरी नेता येणारे यंत्र आहे आणि शिलाई मशीनही तसेच. ज्या कंपनीने हे ओळखले तिने दुसरा मार्ग काढला. तामिळनाडूच्या झोहो या कंपनीने २०११ साली तेनकाशी या लहानशा गावाकडच्या भागात कार्यालय थाटले. गावातील मुलांना महानगरात ओढून नेण्याऐवजी तिने कार्यालय त्यांच्यापाशी नेले. टीसीएस, इन्फोसिस यांची कार्यालये नागपूरच्या मिहानमध्ये आहेत. तिवसा, अमरावतीच्या मुलाला पुण्याऐवजी तेथे बसू देण्यास कंपनीला कितीसा खर्च येणार आहे? तो मुलगा निदान दर रविवारी आईवडिलांचे तोंड तरी पाहील.

आपल्या दुकानात काय चालले आहे?

आता आपल्याकडे वळू. टाळेबंदीत दुकानांना कुलपे लागली तेव्हा अनेक कारागिरांनी मशीन घरी नेले. बायको काज-बटण करू लागली, मुलगी तुरपाई करू लागली, आणि एका माणसाच्या मजुरीत घरातील आणखी दोन हात मिळाले. दुकाने उघडल्यावर मालकांनी निरोप पाठविला, आता दुकानात या. काही आले. ज्यांच्या हाताला सफाई होती त्यांतील काहींनी सांगितले, शेठ, काम पाठवून द्या, नगाप्रमाणे हिशेब करू. जेथे मालकाने हट्ट धरला तेथे त्या कारागिराने दुसऱ्याचे काम धरले; आणि जेथे उचल अडकली होती तेथे तो आला खरा, पण ज्या दिवशी उचल फिटली त्या दिवसापासून दिसला नाही. उचलीने बांधलेला कारागीर आपला नसतो. आपल्या वहीतील फक्त एक खाते असते.

येथून पुढे हे अधिकच जाणवणार आहे. आपल्या याच महामार्गावर नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत रेमंड, सियाराम यांसारख्यांचे कारखाने आले. तेथेच एक हजार एकरांवर होणाऱ्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. असे कारखाने भरतील तेव्हा त्यांना शिवणारे, कापणारे, इस्त्री करणारे हात लागतील. ठरलेल्या तारखेला पगार, फंड आणि सुट्टी देणारा कारखाना तिवशाहून तासाभराच्या आत असेल, तर आपला कारागीर आपल्यापाशी का राहील, याचे उत्तर प्रत्येक दुकानदाराने आजच शोधले पाहिजे. ‘आमचे पिढ्यांचे संबंध आहेत’ हे उत्तर त्याच्या मुलाला पटणार नाही.

काय करावे?

आमच्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी करण्यासारख्या आहेत.

पहिली, काम दोन भागांत वाटून घ्यावे. माप घेणे, कटिंग, ट्रायल आणि शिकाऊ मुलांची तालीम ही कामे दुकानातच व्हावीत. सरळ शिलाई, तुरपाई, काज-बटण, फॉल-पिको ही कामे घरी जाऊ द्यावीत. आठवड्यातील दोन दिवस सर्वांनी दुकानात बसावे; मालाचा, चुकांचा, मजुरीचा हिशेब समोरासमोर व्हावा. शुक्रवारची आणि रमजानमधील कामाची वेळ आधीच बोलून ठरवावी, ऐन हंगामात त्यावरून कुरबूर होऊ नये.

दुसरी, घरी काम करणाऱ्याला कमी दर देऊ नये. जागा त्याची, वीज त्याची, दोरा अनेकदा त्याचाच. दुकानात बसणाऱ्याला पाच रुपये आणि घरी करणाऱ्या बाईला तीन, ही पद्धत सर्रास दिसते. घरी काम करणारा हाही कामगारच, हे बिडी कामगारांच्या बाबतीत सरकारने १९६६ च्या कायद्यानेच मान्य केले होते. विडी घरी वळली म्हणून वळणारीची मजुरी कमी होत नाही, मग साडीचा फॉल घरी लावला म्हणून का व्हावी?

तिसरी, हिशेब दर आठवड्याला चुकता करावा आणि तो लिहून द्यावा. उचल द्यावयाची असेल तर गरजेसाठी द्यावी, बांधून ठेवण्यासाठी देऊ नये.

चौथी, जो कारागीर सोडून जातो त्याला जाताना शांतपणे विचारावे की का चालला. आपल्याकडे तो गेल्यावर चार लोकांत त्याची बदनामी करण्याची रीत आहे. त्याने सांगितलेले कारण वहीत लिहून ठेवले तर वर्षअखेर त्या वहीतून जे कळेल ते कोणत्याही सल्लागाराच्या अहवालातून कळणार नाही.

ज्यांची मुले पुण्याला आहेत त्या पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा म्हणत असेल की रोज दोन-तीन तास रस्त्यात जातात आणि नोकरी बदलावीशी वाटते, तर ‘आम्ही इतकी वर्षे दुकानात उभे राहिलो, तुला खुर्चीवर बसण्याचा कंटाळा येतो?’ असे म्हणून त्याला गप्प करू नका. नोकरी बदलण्यापूर्वी बाजार पाहा, हातात दुसरे पत्र आल्याशिवाय पहिले सोडू नको, मिहानमध्ये बदली मिळते का ते विचार, असा व्यवहाराचा सल्ला द्या. आपण त्याला शिकविले आहे, त्याचे हुनर आता त्याच्या हातात आहे.

व्यापारात माल टिकविण्याच्या युक्त्या आपण वाडवडिलांकडून शिकलो. कापडाला कसर लागू नये म्हणून थान उलगडून वारा देतो, जागा बदलतो, उन्हापासून जपतो. कपाटाला कुलूप लावले म्हणजे थान टिकते असे कोणताही जाणता दुकानदार म्हणणार नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण आणि त्या मोठ्या कंपन्याही अजून कुलपावरच भरवसा ठेवून आहोत.